फोटोत हॉल मोठा वाटतो

आजी हल्ली फोटो का पाठवत नाही, असं तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी विचारलंत आणि मी नेटवर्क बरं नसल्याचं काहीतरी सांगून विषय बदलला. नेटवर्क उत्तम आहे. फोनवर जे बोलता आलं नाही ते आता लिहून सांगते. लिहिताना मला क्रम सापडतो, बोलताना तो सुटतो. तुमचं तुम्हांला वाचता आलं तर छानच, नाहीतर तुमची आई वाचून दाखवील. तिच्याबद्दलही यात आहे. ते तिने गाळू नये.

माझी शाळा इंग्रजी होती. तिथे कॉम्पोझिशन म्हणजे निबंध. समास सोडायचा, एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्यायचा आणि विषयाला धरून नसलेलं वाक्य कितीही आवडलं तरी खोडायचं. त्यामुळे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर ‘मोबाईलने फोटो काढू या : कॉम्पोझिशनची मूलतत्त्वे’ अशी सूचना दिसली तेव्हा वाटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. तुमचे आजोबा जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. सकाळची कामं आटपली की घर अंगावर यायचं. मी नाव घातलं.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. शिकवणारे सर जन्मभर लग्नाचे फोटो काढून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी आमचे मोबाईल मागून घेतले आणि एकेक फोटो पडद्यावर दाखवला. अष्टविनायक, काश्मीर, नातवाची मुंज.

“तुम्ही फोटो काढत नाही, पुरावा काढता,” सर म्हणाले. “हे देऊळ, ही मी, आणि मी बरोब्बर मधोमध. पोलिसात द्यायचाय का?”

मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “सर, बायकोला मधोमध नाही घेतलं तर ती मला घरात घेत नाही.”

तेव्हापासून मला तो वर्ग आवडायला लागला.

सरांनी मोबाईलच्या पडद्यावर उभ्या दोन आणि आडव्या दोन रेघा कशा आणायच्या ते दाखवलं. चित्राचे नऊ चौकोन होतात. ज्याच्यासाठी फोटो काढायचा ते मधल्या चौकोनात न ठेवता, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायचं. मग उरलेल्या जागेत नजरेला फिरायला वाव मिळतो. मी घरी येऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक लिंबू ठेवलं आणि त्याचे मधोमध, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली असे फोटो काढले. सर म्हणतात ते खरं होतं. मधोमधचं लिंबू नुसतं लिंबू होतं. कोपऱ्याकडचं लिंबू कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं वाटत होतं.

मग रेषा आल्या. रस्ता, कठडा, जिना, दोरीवरचे कपडे, जे जे लांबत जातं ते नजरेला बोट धरून घेऊन जातं. ती नजर शेवटी कुठे पोचते ते बघून मगच बटण दाबायचं. यासाठी सरांनी आम्हांला खडवलीला नदीवर नेलं. काठच्या दगडांवर बायका गोधड्या धूत होत्या. दगडांची रांग तिरकी पाण्यात गेलेली आणि शेवटच्या दगडावर लाल गोधडी. मी गुडघे सांभाळत वाकून नेम धरला तर त्यातली एक बाई ओरडली, “काय आज्जे, धुणं कधी बघितलं नाय काय? या, एक गोधडी तुम्ही पण पिळा. आणि तोंड नका घेऊ माझं, अजून धुतलं नाय!” मी तिचं तोंड न घेता फोटो काढला. तोच तो लाल गोधडीचा फोटो, जो तुम्ही तुमच्या फ्रीजवर लावला आहे.

आता तुमच्या मामाबद्दल. तो ठाण्याला भाड्याच्या घरात राहतो हे तुम्हांला माहीत आहे. डोंबिवली ते ठाणे काही लांब नाही, पण त्याची नोकरी तशी, त्यामुळे येणं महिन्या-दोन महिन्यांनी. फोन मात्र नियमित. त्या फोनमध्ये दोन प्रश्न असायचे, जेवलीस का आणि गोळ्या घेतल्यास का. दोन्हींची उत्तरं दिली की फोन संपायचा. मी तक्रार करत नव्हते. मुलं मोठी झाली की असंच असतं असं मी धरून चालले होते.

वर्ग सुरू झाल्यावर मी त्यालाही फोटो पाठवायला लागले. सुरुवातीला तो अंगठा पाठवायचा. मग एक दिवस त्याचा स्वतःहून फोन आला.

“आई, अगं कसले भारी फोटो काढतेस तू! घराचे काढ ना.”

“घरात काय काढायचं?”

“सगळंच. हॉल, बेडरूम, किचन. तुझे सर सांगतात ना आधी घरातच सराव करा?”

सर तसं सांगत होते खरं. आणि मुलाने जेवणाच्या आणि गोळ्यांच्या पलीकडचं काही विचारलं याचा मला किती आनंद झाला ते लिहीत नाही, कारण आता तो आठवला की लाज वाटते.

त्यानंतर जवळजवळ रोज फोन. आम्ही दोघं मिळून एक काम करतो आहोत असं मला वाटत होतं. तो लहान असताना त्याच्या प्रकल्पांच्या वह्या मी अशाच त्याच्याबरोबर बसून सजवायची.

“मोबाईल आडवा धर. दाराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी राहा, म्हणजे समोरच्या दोन्ही भिंती येतील.”

“सर म्हणतात, भिंतींच्या उभ्या रेघा सरळ आल्या पाहिजेत. मग मोबाईल वाकवायचा नाही, छातीशी धरायचा.”

“बरोबर! एक्झॅक्टली! आई, तू प्रो झालीस.”

खुर्ची हलवली. दिवाणावरची घडी केलेली पांघरुणं उचलली. फ्रीजवरचं औषधांचं खोकं, दारामागची छत्री, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, सगळं नजरेआड केलं. चित्रात गर्दी नको, हेही सरांनीच शिकवलं होतं. एका फोटोत सांगायची गोष्ट एकच असावी. माझी गोष्ट काय होती तेही मला पक्कं माहीत होतं. समोरच्या भिंतीवर तुमच्या आजोबांचा फोटो आहे, चंदनाच्या हाराचा. सकाळी खिडकीतून तिरका उजेड येतो आणि आधी फरशीवर, मग दिवाणावर, मग हळूहळू त्या भिंतीवर चढतो. तो उजेड आजोबांच्या फोटोच्या खालच्या कडेला टेकला की क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. मी फोटो अशा बेताने घेतला की फरशीच्या रेघांवरून नजर उजेडाबरोबर चढत जाते आणि वर उजवीकडे, जिथे रेघा छेदतात तिथे, आजोबांपाशी पोचते. वर्गात तो सगळ्यांत चांगला ठरला. सर म्हणाले, “आजी, यात माणूस नाही, तरी माणूस आहे.”

मामाला पाठवला. त्याचा फोन आला.

“मस्तच आलाय. फक्त बाबांच्या फोटोच्या काचेत खिडकी दिसतेय बघ. रिफ्लेक्शन. तो उतरवून एक काढशील?”

“अरे, पण त्याच्यासाठीच तर काढला.”

“हा राहू दे ना तुझ्याकडे. मला एक तसा पण दे. टेक्निकली बघायचंय, रूम कशी दिसते ते.”

काचेतलं प्रतिबिंब हा दोष आहे, हे मला शिकवलेलं होतं. म्हणून मी स्टुलावर चढून आजोबांना खाली उतरवलं, पदराने काच पुसून दिवाणाच्या मागे भिंतीशी उभं केलं आणि रिकाम्या भिंतीचा फोटो काढला. भिंतीवर एक खिळा आणि एक फिकट चौकोन राहिला. तो म्हणाला, “चालेल, खिळा घालवता येतो.” फोटो काढून झाल्यावर लगेच मी आजोबांना परत जागेवर लावलं. तुम्हांला वाटेल, आजीला काहीच कसं कळलं नाही. नाही कळलं. आपला मुलगा आपल्या घराचे फोटो कौतुकाने मागतो आहे, यात कळून घ्यायचं काय असतं?

मग तो शुक्रवार. वाचनालयाचा हॉल रक्तदान शिबिरासाठी दिला होता आणि आम्हांला निरोप मिळाला नव्हता. आम्ही जिन्यातच गप्पा मारून परत फिरलो. मी कोथिंबीर घेतली आणि घरी आले. तीन मजले चढून वर येते तर माझ्या दाराबाहेर चपला. पुरुषाचे बूट, एक नाजूक पट्ट्यांची सँडल, आणखी एक जोड. दार लोटलेलं. मनात आलं, चोर काही चपला काढून आत जाणार नाहीत. मग चौथा जोड ओळखला. तो तुमच्या मामाचा होता.

आतून त्याचाच आवाज येत होता.

“सकाळी असा तिरका उजेड येतो. आधी फरशीवर, मग हळूहळू त्या भिंतीवर चढतो.”

हे माझं वाक्य होतं. फोटोबरोबर मी ते त्याला लिहून पाठवलं होतं, शब्दन् शब्द.

मग एका मुलीचा आवाज. “हो, पण फोटोत हॉल मोठा वाटला होता.”

“मॅडम, फोटो कोपऱ्यातून असतो ना, म्हणून,” तिसरा आवाज म्हणाला. “आणि हे सामान आहे आत्ता. दिवाण हटवला की बघा तुम्ही, एकदम मोकळा.”

मी दार ढकललं. एक तरुण जोडपं होतं. मुलगी माझ्या दिवाणाची लांबी हाताच्या वितीने मोजत होती. एजंट मोबाईल हातात धरून उभा होता. मामाचा चेहरा परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखा झाला.

“आई! तू इतक्या लवकर?”

मुलगी गोंधळून माझ्याकडे आणि त्याच्याकडे बघत होती. शेवटी तोच म्हणाला, “ही माझी आई. फोटो हिनेच काढलेत.”

मुलीचा चेहरा खुलला. “अय्या, काकू, तुम्ही काढलेत? किती सुंदर हो! आम्ही एवढी घरं बघितली, पण हे फोटो बघून मी ह्याला म्हटलं, हेच बघायचं.” तिने एजंटच्या हातातला मोबाईल घेऊन माझ्यापुढे धरला. “हा तर बघा ना!”

माझा हॉल. माझ्या सरळ रेघा. फरशीवरून उजेड चढत चढत जातो आणि वर उजवीकडे, जिथे तो पोचायचा, तिथे काहीच नाही. खिळासुद्धा नाही. गुळगुळीत भिंत. खाली लिहिलेलं, ‘हवेशीर, भरपूर सूर्यप्रकाश, कुटुंबासाठी आदर्श, लगेच ताबा.’

त्या मुलीचा काही दोष नव्हता. पायऱ्या चढून आलेली माणसं, मी त्यांना पाणी दिलं. चहाही टाकला. घरात पाहुणे आले की हात आपोआप ओट्याकडे जातात. चहा उकळत होता आणि बाहेर तो एजंट दबक्या आवाजात मामाला विचारत होता, “साहेब, तुम्ही तर बोललेलात मॅडम क्लासला असतात.” म्हणजे माझ्या वर्गाची वेळ बघून हे सगळं ठरवलेलं होतं. मंगळवार आणि शुक्रवार. मी मोबाईल छातीशी कसा धरायचा ते शिकत असताना माझ्या घरात माणसं फिरत होती, आणि ती याआधीही येऊन गेली असणार.

ते गेल्यावर मी कप विसळून ठेवले आणि मग खुर्चीत बसले.

“मी सांगणारच होतो,” मामा म्हणाला.

“केव्हा? टोकन घेतल्यावर?”

“आई, असं काय बोलतेस? फक्त रेट काढत होतो. आणि घर तुझ्या नावावर आहे, तुझ्या सहीशिवाय काय होणारे?”

“म्हणजे सहीच्या दिवशी मला कळलं असतं.”

“अगं, तुझे गुडघे बघ. तीन मजले, लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंट होणार होणार म्हणून सोसायटीवाले कधीपासून नुसत्या मीटिंगा घेतायत. हे विकून आपण ठाण्याला मोठं घेऊ. तुझी स्वतःची खोली असेल. मी परक्यासाठी करतोय का?”

“मग मला विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणून विचारलं नाहीस.”

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, “ताईला पण माहितीये. ती पण हेच म्हणते. तिला विचार.”

मी तुमच्या आईला फोन केला. तुमच्याकडे परदेशात तेव्हा रात्री झोपायची वेळ झाली असेल. तिने नाकारलं नाही. ती म्हणाली, “आई, मी त्याला म्हटलं होतं आधी तुला सांग म्हणून. पण तू फोटो काढण्यात इतकी रमली होतीस ना, तुझा मूड घालवावासा वाटेना.” तो रिकाम्या भिंतीचा फोटो मी तिलाही पाठवला होता आणि त्यावर तिने मला लाल बदाम पाठवला होता. मी तो बघून दिवसभर खूश होते. तिला तेव्हा माहीत होतं की तो फोटो कुठे जाणार आहे.

घर विकायचा विचार मनात आणणं हा गुन्हा नाही. गुडघ्यांचं ते दोघं म्हणतात ते खोटं नाही, जिना चढताना मी दर मजल्यावर थांबते. समोर बसून बोलले असते तर मी रागावले असते, रडले असते, दोन दिवस अबोला धरला असता आणि मग कदाचित विचारही केला असता. पण त्यांनी माझ्याच हातून माझं घर रिकामं करून घेतलं. एकेक वस्तू मी चौकटीबाहेर सरकवली, शेवटी नवऱ्यालासुद्धा, आणि प्रत्येक वेळी मुलगा म्हणत होता, वा, छान जमतंय. मला वाटत होतं, तो माझे फोटो बघतोय. त्याला चौरस फूट दिसत होते.

ती जाहिरात त्याने त्याच संध्याकाळी काढून टाकली. मला दाखवून काढली. दुसऱ्या दिवशी मी नाक्यावरच्या दुकानातून माणूस बोलावून दाराचं कुलूप बदललं. एक किल्ली माझ्याकडे आणि एक तळमजल्यावरच्या काकूंकडे, रात्रीबेरात्री लागली तर. तुमच्या मामाला दिलेली नाही. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा जुनी किल्ली कुलपात फिरवायचा प्रयत्न करत असलेला आवाज मी आत बसून ऐकला. मी उठले नाही. त्याने बेल वाजवली तेव्हा उठले.

“कुलूप बदललंस?”

“हो.”

“माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठीच.”

तो आत आला, जेवला. आमटी छान झाली आहे म्हणाला. नवीन किल्ली त्याने मागितली नाही, मी दिली नाही. तुमच्या आईशीही मी रोज बोलते. तुमच्या शाळेचं विचारते, थंडीचं विचारते. त्यापलीकडे मला अजून जाता येत नाही.

वर्ग मी सोडला. सरांचा फोन येऊन गेला, नवीन बॅच आहे, या म्हणाले. गुडघे दुखतात असं सांगितलं. खरं म्हणजे मोबाईल आडवा धरला की मनात पहिला प्रश्न येतो, हे कोण बघणार आहे आणि कशासाठी. अशा मनाने फोटो काढता येत नाही.

गेल्या आठवड्यात मामाने मला एक फोटो पाठवला. ठाण्याच्या एका टॉवरमध्ये त्याला पसंत पडलेलं घर आणि त्यात माझ्यासाठी ठरवलेली खोली. ‘बघून ठेव, घाई नाही,’ असं खाली लिहिलेलं. मी चष्मा लावून नीट बघितला. फोटो कोपऱ्यातून काढलेला, भिंतींच्या रेघा सरळ, कपाट आणि पलंग अगदी मापात बसवलेले. डाव्या बाजूला खिडकी, तिच्यावर जाड निळा पडदा ओढलेला. पलंगाची सावली खिडकीच्या बाजूला पडली होती, म्हणजे उजेड वरच्या दिव्याचा होता, खिडकीचा नव्हता. आणि फोटो भर दुपारी पाठवलेला.

मी त्याला फोन केला. “खोली नीटनेटकी आहे. पडदा उघडून एक फोटो पाठव.”

तो म्हणाला, “समोर बिल्डिंग आहे गं. ठाण्यात सगळीकडेच आहे.”

“असू दे. किती जवळ आहे ते बघते.”

“आई, तू फार संशयी झालीस.”

“झाले खरी,” मी म्हटलं. “तू फोटो पाठव. खोली मी स्वतः येऊन बघीन. पटली तर मीच सांगीन, आणि नाही पटली तर हा विषय माझ्या डोळ्यांदेखत बंद करायचा. एजंटला माझा नंबर दे, तुझा नको.”

तो बरं म्हणाला. पडदा उघडलेला फोटो अजून आलेला नाही. तोवर मी या घरातून हलत नाही, आणि मे महिन्यात तुम्ही दोघं याल तेव्हा इथेच याल. दिवाण तुम्हांला पुरेल.